परधनाचे विश्वस्त

व्यापार करणाऱ्या मनुष्याच्या हातून दोन प्रकारचे धन जात असते. एक त्याचे स्वतःचे आणि दुसरे लोकांनी विश्वासाने त्याच्यापाशी ठेवलेले. स्वतःच्या धनाच्या बाबतीत तो चुकला, तर त्याचे फळ त्याला व त्याच्या मुलाबाळांना भोगावे लागते. म्हणून तेथे सावध राहण्यास त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु ठेवीच्या, देवस्थानाच्या किंवा धर्मादायाच्या धनाची गोष्ट वेगळी आहे. तेथे चूक एकाची व तोटा दुसऱ्याचा असा प्रकार होतो. आणि तो दुसरा बहुधा असा असतो की, पेढीची पायरी चढून जाब विचारण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नसते. म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी परधनाच्या बाबतीत स्वतःच्या धनापेक्षाही कडक नियम घालून ठेवले. ह्या नियमांचा विचार आजच्या काळात नव्याने करावा, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर जगात ‘विकास’ ह्या नावाने परधनाचा एक प्रचंड कारभार उभा राहिला. १९४४ सालच्या ब्रेटन वुड्स परिषदेतून जागतिक बँक निघाली. १९४६ साली युनिसेफ, १९४८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि १९६१ साली अमेरिकेची यूएसएड ही संस्था स्थापन झाली. त्यांच्याच बरोबरीने ऑक्सफॅमसारख्या खाजगी दानधर्माच्या संस्थाही देशोदेशी पसरल्या. एका देशातील करदात्याचा किंवा दात्याचा पैसा दुसऱ्या देशातील अनोळखी, गरीब मनुष्यासाठी खर्च करावयाचा, हे ह्या सर्वांचे काम. अशा संस्थांच्या प्रमुखपदी बसणारा मनुष्य कसा असावा, हा आजच्या लेखाचा विषय होय.

वाळवंटीच्या काठी, कारापूरच्या बाजारात बसून दूरदेशीच्या संस्थांची ही उठाठेव आपण का करावी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, त्या संस्था वाटतात तितक्या दूर नाहीत. आपल्या नातवंडांच्या तोंडात पोलिओचे जे दोन थेंब पडले, त्यांच्यामागे भारत सरकारबरोबर जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि ज्यात व्यापारी बांधवांचा मोठा भरणा आहे असे रोटरी मंडळ उभे होते. त्या परिश्रमाचे फळ म्हणून २०११ च्या जानेवारीनंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. दुसरे असे की, बाहेरून आलेल्याने गावाचा विश्वास कसा मिळवावा, हा प्रश्न आपल्या डिचोली तालुक्याला नवा नाही. कुडणे येथील ‘गुजीर’ नावाने ओळखले जाणारे जैन देवालयाचे अवशेष आणि नार्वे येथील जैनकोट आजही उभे आहेत. परगावाहून येऊन दुकान मांडणारा मनुष्य एका दिवसात गावाचा होत नाही. त्याचे माप, त्याचा शब्द, अडीअडचणीच्या वेळचे त्याचे वर्तन हे सर्व गाव कित्येक वर्षे पाहत असते. आणि मगच विठ्ठलापुरातील उत्सवाच्या वर्गणीची यादी त्याच्याकडे विश्वासाने सोपविली जाते. जे दुकानदाराचे, तेच परदेशी संस्थेचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्यापारात आपण चुकलो तर ते आपल्याला कोण सांगते? गिऱ्हाईक सांगते. सुपारी ओली निघाली, कापड आटले, वजन कमी भरले, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात दिसते. ते तोंडाने काही बोलले नाही, तरी त्याची पाठ बोलते. संध्याकाळी रोजकीर्द लिहिताना विक्रीचा आकडा खाली आलेला दिसतो आणि हुशार व्यापारी त्याच आठवड्यात माल बदलतो. म्हणजे व्यापारी नीतीने वागतो व काळाप्रमाणे बदलतो, ह्यात त्याच्या सद्गुणाचा भाग असेलच. परंतु त्याला तसे वागावयास लावणारी एक व्यवस्थाही त्याच्याभोवती असते. पैसे देणारा आणि माल नेणारा मनुष्य एकच असतो, हे त्या व्यवस्थेचे मर्म होय.

विकाससंस्थेत हे मर्मच नाहीसे झालेले असते. पैसा देणारा लंडनात किंवा वॉशिंग्टनात असतो. माल नेणारा माळरानावरच्या झोपडीत असतो. दात्याला सुंदर अहवाल हवा असतो, तो त्याला मिळतो व तो संतुष्ट राहतो. झोपडीतील मनुष्याला मिळालेली विहीर कोरडी निघाली, तरी तो समोरच्या दुकानात जाऊ शकत नाही. कारण समोर दुसरे दुकानच नसते. त्याचा असंतोष कोणत्याही खतावणीत उतरत नाही. अशा संस्थेचा ताळेबंद पैपैसह जुळतो, हिशेबतपासनीस सही करतो, आणि तरीही ज्याच्यासाठी सर्व खटाटोप झाला तो मनुष्य होता तेथेच राहतो. म्हणून अशा ठिकाणच्या नेत्याकडून अपेक्षा दुहेरी असते. तो स्वतः शुद्ध हाताचा असावा हे तर झालेच. पण जो गरीब मनुष्य गिऱ्हाईकाप्रमाणे पाठ फिरवू शकत नाही, त्याचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था त्याने आपण होऊन उभारली पाहिजे. नीती आणि परिवर्तनक्षमता असे दोन वेगळे गुण विद्वान लोक सांगतात. आमच्या मते ते एकाच गुणाचे दोन हात आहेत, आणि तो गुण म्हणजे दुर्बलाचे ऐकून घेणे.

ह्याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, काही वर्षे त्यांनी अहमदनगर जिल्ह्यात रुग्णसेवा केली, अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले आणि १९७० साली त्याच जिल्ह्यातील जामखेड ह्या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. (हा जिल्हा आता अहिल्यानगर ह्या नावाने ओळखला जातो.) परदेशी शिक्षण आणि बाहेरच्या संस्थांचे साहाय्य ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. शिकलेल्या परिचारिका-सुईणींना खेड्यांत नेमावे व त्यांच्या हातून माता-बालकांची काळजी घ्यावी, अशी त्यांची योजना होती. कागदावर ती निर्दोष होती. परंतु ती खेड्यात रुजली नाही. बाहेरून आलेली तरुण परिचारिका खेड्यात एकटी राहण्यास बिचकत असे, आणि गावातील बायाही तिला आपले मन उघडे करून सांगत नसत. तेव्हा गावकऱ्यांतूनच अशी सूचना आली की, आमच्याच गावातील एखादी वयाने पोक्त बाई निवडा आणि तिला शिकवा.

वाचकहो, ह्या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा. समोर दोन उच्चविद्याविभूषित डॉक्टर आहेत आणि त्यांना खेडूत मनुष्य सांगत आहे की, तुमच्या पदवीधर परिचारिकेचे काम आमची निरक्षर बाई करील. दुसरा कोणी असता तर हसला असता. आरोळे दांपत्याने ती सूचना स्वीकारली. गावांनी निवडलेल्या स्त्रिया, ज्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती व कित्येक दलित समाजातील होत्या, आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येऊन शिकू लागल्या. गरोदर स्त्रीची तपासणी, बाळंतपणातील स्वच्छता, जुलाबाने सुकत चाललेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी देणे, अशी कामे त्यांनी हस्तगत केली. हजार जन्मांमागे दगावणाऱ्या अर्भकांची संख्या प्रारंभी सुमारे १७६ होती. १९७६ पर्यंत ती ५२ वर आली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पंचविशीच्या आसपास पोहोचली.

त्याच दांपत्याची दुसरी एक गोष्ट अशी. १९७२ च्या भयंकर दुष्काळात त्यांच्या ध्यानात आले की, लोकांना औषधाआधी अन्न व पाणी हवे आहे. ‘आम्ही आरोग्याची संस्था, पाण्याचा विषय आमचा नव्हे’ असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी अन्नदानाच्या व कूपनलिका खणण्याच्या कामाला हात घातला. आणि कूपनलिकेची जागा ठरविताना ती दलितवस्तीत येईल अशी तजवीज केली. पाणी हवे असेल तर इतरांना त्या वस्तीत जावे लागे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा विटाळ तहानेपुढे मुकाट्याने मागे सरे. योजना बदलली, पण नीतीला धक्का लागला नाही. उलट बदलातूनच नीती पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हातातील आरोग्यसेवेविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडच्या प्रयोगाला स्थान मिळाले. १९७८ च्या सप्टेंबरात आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्याच्या पार्श्वभूमीत जामखेडसारखे प्रयोग होते. आणि १९७९ साली उभयतांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाने जामखेडला शिकविण्याऐवजी जामखेडने जगाला शिकविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचे उदाहरण पाहू. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरांचे साहाय्य मंजूर केले. ह्या धरणाच्या बुडिताची महाराष्ट्रातील झळ पहिल्याने लागली ती अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारख्या आदिवासी गावांना. कच्छ व सौराष्ट्र ह्यांची तहान काय असते, हे आपल्यापैकी अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. त्यामुळे धरण हवे की नको, ह्या वादात आम्ही येथे पडत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्यांची घरे-शेते पाण्याखाली जाणार होती, त्यांच्या पुनर्वसनाची तयारी नीट झालेली नसताना कर्ज मंजूर झाले आणि पुढे तक्रारी आल्या, तरी वर्षानुवर्षे कागद ‘समाधानकारक’ म्हणून वर सरकत राहिले. मणिबेलीच्या मनुष्याचे म्हणणे बँकेच्या कोणत्याही खात्यात जमा होत नव्हते.

अखेर १९९१ साली बँकेकडून एक स्वतंत्र समिती नेमली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स हे तिचे अध्यक्ष व कॅनडाचे थॉमस बर्जर हे उपाध्यक्ष होते. ह्या समितीने खोऱ्यात प्रत्यक्ष फिरून, उभय पक्षांचे ऐकून, १९९२ च्या जूनमध्ये अहवाल दिला. आहे त्या परिस्थितीत विस्थापितांचे योग्य पुनर्वसन होणे शक्य नाही, पर्यावरणाचा विचार पुरेसा झालेला नाही, आणि बँकेने मागे सरून पुन्हा विचार करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ज्याने नेमले त्याच्याच चुका दाखविणारा अहवाल लिहिणे आणि तो लपवून न ठेवता प्रसिद्ध होऊ देणे, ह्या दोन्ही गोष्टी सोप्या नाहीत. १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने उरलेल्या कर्जावरील आपला हक्क सोडला आणि धरण पुढे स्वतःच्या बळावर पूर्ण केले. पण बँकेच्या घरात एक कायमचा बदल झाला. त्याच वर्षी तिने एक तपासणी मंडळ स्थापन केले व बँकेच्या पैशाने होणाऱ्या कामामुळे नुकसान झालेल्या सामान्य लोकांना तेथे थेट तक्रार नेता यावी, अशी सोय केली. अशी सोय पहिल्याच दिवशी असती तर किती घरांचे अश्रू वाचले असते, हा विचार मनाला चाटून गेल्यावाचून राहत नाही.

तिसरे उदाहरण अधिक कटू आहे. २०१० च्या जानेवारीत हैती देशात महाभयंकर भूकंप झाला. तेथे साहाय्यास गेलेल्या ऑक्सफॅम ह्या इंग्लंडमधील नामांकित संस्थेच्या काही अधिकाऱ्यांनी विपन्न स्त्रियांशी लज्जास्पद वर्तन केल्याचे संस्थेच्याच अंतर्गत चौकशीत २०११ साली आढळले. काहींना काढण्यात आले, काहींना राजीनामे देऊ देण्यात आले. परंतु सर्व प्रकार संपूर्णपणे उघड करण्यात आला नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांनी तो चव्हाट्यावर आणला, तेव्हा हजारो दात्यांनी संस्थेकडे पाठ फिरविली आणि २०१९ साली इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाने तिला अधिकृत ताकीद दिली. संस्थेचे नाव वाचविण्यासाठी झाकलेली गोष्टच संस्थेच्या नावाला काळिमा लावून गेली. पेढीची पत ही नफ्यापेक्षा मोठी, हे आपण जाणतो. पण पत राखणे म्हणजे दोष झाकणे नव्हे, हे मात्र पुष्कळ वेळा विसरले जाते.

ह्या तीन उदाहरणांवरून काय निष्पन्न होते? येथे आपल्या वहीलेखनातील एका जुन्या नियमाची आठवण होते. चांगला मुनीम वहीत खाडाखोड करीत नाही. चुकीची नोंद झाली तर तो ती खरवडून काढीत नाही, वा तिच्यावर शाई सांडीत नाही. मूळ नोंद तशीच ठेवून तिच्या दुरुस्तीची वेगळी जमाखर्ची नोंद तो करतो आणि खाली कारण लिहितो. चूक दिसते, दुरुस्तीही दिसते, आणि म्हणूनच वहीवर न्यायालयाचाही विश्वास बसतो. संस्थेच्या नेत्याचे काम ह्याहून वेगळे नाही. जामखेडला योजना बदलली, ती उघडपणे व कारण सांगून. जागतिक बँकेने उशिरा का होईना दुरुस्तीची नोंद केली. हैतीच्या प्रकरणात वहीचे पान दुमडून ठेवले गेले. योजना बदलणे हा दोष नव्हे. बदलाचे कारण न लिहिणे हा दोष होय.

आमच्या ह्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल व तो आमच्या अनुभवी सभासदांकडूनच येईल. ‘परिस्थितीप्रमाणे खर्च बदलण्याची मुभा दिली की, अफरातफरीला दार मोकळे झाले. ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामावर तो खर्च व्हावा, हीच खरी नीती.’ आक्षेप वजनदार आहे. आपल्या धर्मसंस्थांत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया, साधारण अशी खाती वेगळी ठेवण्याची व एकाचा पैसा दुसऱ्यात न मिसळण्याची जी कडक शिस्त आहे, तिने शतकानुशतके विश्वास टिकविला आहे. ती शिस्त ढिली करावी, असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही.

परंतु त्याच व्यवस्थेत पूर्वजांनी ‘साधारण’ हेही खाते ठेवले, हे विसरता कामा नये. ज्या गरजेचे नाव आज ठाऊक नाही, तिच्यासाठी ते खाते आहे. आणि अनुभव असा की, इतर खाती भरलेली असतात व साधारण खाते रिकामे असते. कारण साधारण खात्यात दिलेल्या रकमेला नावाची पाटी शोभून दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे दुखणे नेमके हेच आहे. सभासद राष्ट्रांची ठरावीक वर्गणी, म्हणजे तिचे साधारण खातेच म्हणा, तिच्या एकूण अंदाजपत्रकाच्या पाचव्या हिश्श्याहूनही खाली गेली होती. उरलेला पैसा बहुतांशी अमुकच रोगासाठी, तमुकच देशासाठी अशा अटींनी बांधलेला येई. कोरोनाच्या महामारीत ह्या परावलंबनाची जाणीव तीव्र झाली व २०२२ च्या मे महिन्यात सभासद राष्ट्रांनी ही वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढवून २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत नेण्याचे ठरविले. पुढे २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने त्या संघटनेतून बाहेर पडण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून यूएसएड ही चौसष्ट वर्षांची संस्था स्वतंत्र म्हणून उरली नाही. एका मोठ्या दात्याने हात आखडला की, हजारो दवाखाने व शाळा यांचे काय होते, ते जगाने पाहिले. ज्या पेढीचे सर्व येणे एकाच आसामीकडे आहे, ती पेढी आसामीच्या लहरीवर उभी असते, हे आपल्या बाजारातील शहाणपण त्या मोठ्या कारभारालाही लागू पडते.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे की, शिस्त व मोकळीक ह्या दोहोंना जागा हवी. बांधील खात्यात काटेकोरपणा आणि साधारण खात्यात विवेक. आणि त्या विवेकाचा हिशेब उघड्यावर. ज्याला नियम तेवढा कळतो तो चांगला कारकून होतो. ज्याला मोकळीक तेवढी हवी असते तो बेभरवशाचा होतो. दोन्ही सांभाळतो तोच विश्वस्त.

हे आपल्या समाजातील माणसांस जमत नाही असे मुळीच नाही. पुण्याचे श्री. शांतिलाल मुथ्था ह्यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. धान्य व कांबळी वाटून परत येणे सोपे होते. मुलांच्या पुढील कित्येक वर्षांचे ओझे उचलणे अवघड होते. आपत्तीतील खरी गरज पहिल्या आठवड्याची नसून पुढच्या दहा वर्षांची आहे, हे ओळखण्यात नेतृत्वाची कसोटी असते.

आता हा विषय आमच्या उंबरठ्यापर्यंत आणतो. डिचोली तालुक्याने खनिजाची भरभराट पाहिली व २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हाची मंदीही पाहिली. ट्रक उभे राहिले, हप्ते थकले आणि साखळी-डिचोलीच्या बाजारात उधारीच्या वह्या जाड झाल्या. २०१४ च्या २१ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खाणींविषयी निर्णय देताना, खनिजाच्या विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भाग पुढील पिढ्यांच्या हितासाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. २०१५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन खाणग्रस्तांच्या कल्याणासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. आणि लिलावानंतर २०२४ साली डिचोलीचा पट्टा पुन्हा चालू झाला. म्हणजे वॉशिंग्टन व जिनिव्हा येथील प्रश्न आज आपल्या तालुक्यात येऊन उभा आहे. येथेही धन परक्याचे आहे. काही ज्यांच्या विहिरी व शेते खाणीने बिघडली त्यांचे, आणि काही तर अजून जन्माला न आलेल्यांचे. न जन्मलेला मनुष्य हा जगातील सर्वांत मुका धनको होय. त्याचे व्याज बुडाले तरी तो तगादा लावू शकत नाही.

ह्या निधींचा कारभार सरकारकडे आहे आणि त्यावर लक्ष ठेवणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे. पण दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपल्या संघटनेच्या धर्मादाय कामात ही तत्त्वे प्रथम आणावीत, असे आम्हांस मनापासून वाटते. त्यासाठी तीन सूचना आम्ही सभासदांपुढे विचारार्थ ठेवतो.

पहिली सूचना अशी की, ज्यांच्यासाठी मदत ठरवावयाची, त्यांच्यातील दोन माणसे, त्यांत एक स्त्री, मदतसमितीच्या बैठकीस बोलवावीत व त्यांचे म्हणणे इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत उतरवावे. कारापूर-सर्वण पंचायतीच्या हद्दीतील एखाद्या वाड्यावरच्या शाळेस काय हवे, हे त्या वाड्यावरच्या आईला आपल्यापेक्षा अधिक कळते. आपण दप्तरे वाटतो आणि कदाचित तिला पावसाळ्यात मुलांना सुरक्षित नेणारी वाट हवी असते.

दुसरी सूचना अशी की, दरवर्षीच्या धर्मादाय रकमेचा निदान चौथा हिस्सा साधारण खात्यात, म्हणजे कोणत्याही पाटीवाचून व अटीवाचून ठेवावा. पूर, वादळ, साथीचा रोग किंवा एखाद्या कुटुंबावर अकस्मात आलेले संकट ह्यांना आपली सर्वसाधारण सभा भरेपर्यंत थांबता येत नाही. ह्या खात्यातील प्रत्येक खर्चाचे कारण मात्र त्याच दिवशी लिहून ठेवले जावे.

तिसरी सूचना थोडी अवघड आहे. वार्षिक अहवालात केलेल्या कामांच्या यादीशेजारी ‘न साधलेली कामे’ असेही एक पान असावे. काय योजिले होते, का साधले नाही, आणि त्याऐवजी काय केले, एवढे तीन रकाने पुरेत. आणि हा अहवाल केवळ आपल्या सभागृहात न वाचता, ज्या गावी पैसा खर्च झाला तेथील लोकांसमोर त्यांच्या भाषेत वाचावा. काही जणांस ह्यात संघटनेची शोभा कमी होईल असे वाटेल. आमची समजूत ह्याच्या उलट आहे. तोट्याचे पान ज्या वहीत नाही, त्या वहीवर जाणता व्यापारी विश्वास ठेवीत नाही.

आपल्या समाजात दानाची परंपरा थोर आहे आणि तिच्याविषयी अभिमान बाळगण्यास जागा आहे. पण दान देणे आणि दान पोहोचणे ह्यांत अंतर असते. ते अंतर मोजणारे माप अजून कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. ते घेणाऱ्याच्या मुखातूनच ऐकावे लागते. जागतिक बँकेच्या अध्यक्षापासून आपल्या संघटनेच्या चिटणीसापर्यंत सर्वांस हा नियम सारखाच लागू आहे. आमच्या तरुण सभासदांपैकी कित्येक जण उद्या मोठमोठ्या संस्थांत, कदाचित परदेशांतही, अधिकारपदांवर बसतील. त्यांनी तेथे जाताना विद्यापीठाची पदवी जरूर न्यावी. परंतु आजोबांच्या वहीतील हा धडाही बरोबर न्यावा की, चूक खोडावयाची नसते, तिची दुरुस्ती लिहावयाची असते. येत्या वार्षिक सभेत वरील सूचनांवर सभासदांनी मोकळेपणाने चर्चा करावी, त्यांतील त्याज्य वाटेल ते टाकावे व ग्राह्य वाटेल ते ह्याच वर्षापासून अंमलात आणावे, एवढी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.